ताईचा पन्नासावा वाढदिवस आणि फ्रेंच रेस्टॉरंटमधली निवांत संध्याकाळ

आमच्या घरात कुणाचाही वाढदिवस असो, केक ताईच करते. तिचं तिने शिकून घेतलंय सगळं, आतून पोकळ फुगणारी शू पेस्ट्री काय, टार्ट काय, लेमन कर्ड काय, आणि सगळ्यात जीव कशात असेल तर फ्रेंच बेकिंगमध्ये. त्यामुळे तिचा पन्नासावा आला तेव्हा माझं एकच पक्कं होतं की या दिवशी तिने ओव्हन लावायचा नाही, तिने नुसतं बसायचं आणि तिच्या आवडीचं कुणीतरी तिला करून वाढायचं. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "तू ठरव, मी तिला वेळेवर तयार करून आणतो, एवढं माझ्याकडे लागलं." मग मी फ्रेंच रेस्टॉरंटचं मनावर घेतलं.

अजून एक कारण होतं आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. आईला हल्ली एका कानाने कमी ऐकू येतं. बुफेला गेलो की कुणी उठतंय, कुणी प्लेट घेऊन येतंय, वर म्युझिक, अशा गोंधळात ती गप्प होते आणि नुसती हसत बसते, आणि आपल्याला कळतं की तिला काहीच ऐकू आलेलं नाहीये. मला असं जेवण हवं होतं की जिथे सगळे एका टेबलाशी बसून राहतील, पदार्थ एकामागून एक येतील आणि मध्ये बोलायला भरपूर वेळ मिळेल. फ्रेंच जेवण हे मुळात त्यासाठीच आहे, हे मी अगदी मनापासून सांगते. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच लोकांच्या या जेवणाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ना, ते कुठल्या एका पदार्थासाठी नाही घेतलं, तर जन्म, लग्न, वाढदिवस अशा प्रसंगांना माणसं एकत्र बसून ठरलेल्या क्रमाने जेवतात त्या पद्धतीसाठी घेतलं. त्यात वाढदिवसाचा उल्लेख आहे हे वाचलं तेव्हा मला फारच आनंद झाला होता.

आता फ्रेंच रेस्टॉरंट म्हणजे सगळीकडे एकच प्रकार नसतो हे आधी कळून घेतलेलं बरं. बिस्त्रो म्हणजे लहानशी जागा, मोजके पदार्थ, बऱ्याचदा आजचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले. ब्रासरी मोठी असते, जास्त वेळ उघडी, गजबजलेली. आणि मग ती टेस्टिंग मेन्यूवाली, जिथे शेफ ठरवतो ते सात-आठ किंवा त्याहून जास्त छोटे छोटे कोर्स येतात आणि तुम्ही मधलं काही बदलायला सांगितलं की किचनला त्रास. आमच्यात आई मांस-मासे खात नाही (अंडं चालतं), भाची सोळा वर्षांची, भाऊजींना मासा हवा, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा टेस्टिंग मेन्यू मी लगेच बाद केला. मिशेलिन स्टारचंही खूप जण मनात धरतात, पण तो स्टार फक्त ताटातल्या खाण्यासाठी असतो, जागा शांत आहे का, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची बरी आहे का, याचा त्याच्याशी संबंध नाही. टायरच्या कंपनीने गाडीवाल्यांसाठी काढलेलं गाइड ते, त्यात १९२६ पासून स्टार द्यायला लागले. छान गोष्ट आहे, पण घरच्यांबरोबरच्या वाढदिवसाला त्यावाचून काही अडत नाही. मी मधलं एक बघितलं, पदार्थ आपले आपण निवडता येतील असं, आणि शिवाय तीन कोर्सचा ठरलेला मेन्यूपण होता.

बुकिंग ऑनलाइन होत होतं पण मी फोनच केला, आणि दुपारी चारच्या सुमारास केला. ही वेळ मुद्दाम निवडली कारण दुपारचं जेवण आटपलेलं असतं, रात्रीचं सुरू झालेलं नसतं, तेव्हा फोन उचलणाऱ्याला बोलायला सवड असते आणि तो आत जाऊन शेफला विचारून येऊ शकतो. रात्री साडेआठला फोन केलात तर फक्त नाव आणि किती माणसं एवढंच लिहून घेतील, त्यांचाही इलाज नसतो.

फोनवर मी पहिलं टेबलाचं बोलले. म्हटलं, कोपऱ्यातलं द्या, भिंतीला लागून, किचनच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांब, आणि जमलं तर गोल. गोल टेबलाला सगळ्यांची तोंडं दिसतात, कमी ऐकू येणारं माणूस ओठांवरून बरंच समजून घेतं. ती बाई इतकी छान बोलली, तिने विचारलं, कुठला कान? मी म्हटलं डावा. म्हणाली, मग त्यांची खुर्ची अशी ठेवते की डावीकडे भिंत येईल. एवढ्यावरच मी जागा नक्की केली.

मग शाकाहारी खाण्याचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण इथे लोक फसतात. मेन्यूवर भाजीचं नाव दिसलं म्हणजे तो पदार्थ शाकाहारी असं फ्रेंच किचनमध्ये धरून चालायचं नाही. कांद्याचं सूप घ्या, त्यात दिसायला कांदा, पाव आणि चीज, पण परंपरेने ते बीफच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेल्या पाण्यात, करतात. बटाटा आणि लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) यांच्या सूपला बऱ्याच ठिकाणी चिकन स्टॉक असतो. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकलेले असतात, नीसच्या सॅलडमध्ये अँकोव्ही नावाचा मासा असतो, आणि गार गोड पदार्थांपैकी काहींत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. चीजचं तर वेगळंच, काँते, रोकफोर अशी पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध जमवणाऱ्या द्रव्याने, लावतात. आईचं चीजबद्दल काही म्हणणं नसतं पण ज्यांना चालत नाही त्यांनी नावासकट विचारून घ्यावं. अजून एक, सॉसमध्ये घातलेली वाइन शिजताना सगळी उडून जाते असं म्हणतात पण तसं नाही, बराच वेळ शिजवली तरी थोडी राहतेच, तेव्हा कुणी दारू अजिबात घेत नसेल तर तेही सांगायचं. मी हे सगळं एकेक करून विचारलं आणि त्या बाईने न कंटाळता आत जाऊन विचारून सांगितलं. भाजीच्या स्टॉकमध्ये कांद्याचं सूप वेगळं करून देतो म्हणाले, पण आदल्या दिवशी आठवण करा. ती मी केली.

आणि मग सूफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या फेसामुळे ओव्हनमध्ये फुगून वर येणारा हलका पदार्थ. ताईला सूफ्लेच द्यायचा हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं, कारण हा एक प्रकार ती घरी करत नाही, म्हणते घरात सगळे एका वेळी टेबलाशी येत नाहीत आणि तो तर थांबत नाही. मी फोनवर म्हटलं, सूफ्लेवर मेणबत्ती लावून आणाल का? तर ती म्हणाली, मॅडम, मेणबत्ती खोचली की वरचा पापुद्रा फाटतो, आणि तुम्ही गाणं म्हणेपर्यंत, फोटो काढेपर्यंत तो खाली बसतो. तिने मार्ग काढला तो मला फार आवडला. आधी मेणबत्ती आणायची ती फिनान्सिएवर, म्हणजे बदामाची पूड आणि ब्राऊन केलेल्या लोण्याचा तो छोटा विटेच्या आकाराचा केक असतो ना, त्यावर. गाणं, फोटो, फुंकर, सगळं त्यावर उरकायचं, आणि ते झालं की ओव्हनमधून सूफ्ले बाहेर काढायचा. म्हणजे किचनला आमच्या टेबलावर लक्ष ठेवून वेळ जुळवायची. बाहेरचा केक आणू नका असंही तिने सांगितलं, बऱ्याच ठिकाणी बाहेरचा केक आणला तर कापून देण्याचे वेगळे पैसे लावतात, पण आम्हाला तो आणायचाच नव्हता.

मेन्यू मी आधीच मिळवला आणि आईला घरी मोठ्या अक्षरात दाखवला. तिथे दिवे मंद असतात, अक्षरं बारीक, आणि नावं अनोळखी, म्हातारं माणूस संकोचून म्हणतं तुम्ही मागवाल ते खाईन. तिला घरीच निवांत सगळं समजावून सांगितल्यामुळे तिथे गेल्यावर तिने वेटरला स्वतः सांगितलं की मला काय हवंय. ताईला मात्र मेन्यू दाखवला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही बरोबर वेळेवर पोचलो. टेबल खरंच कोपऱ्यात, आईची खुर्ची सांगितल्याप्रमाणे भिंतीकडे डावी बाजू करून ठेवलेली. ताईने आत पाऊल टाकलं आणि पेस्ट्रीच्या काचेशीच थांबली, भाऊजींनी हात धरून आणलं तिला.

सुरुवातीला पेयं आली, ज्यांना हवी त्यांनी वाइन घेतली, बाकीच्यांनी लिंबू आणि पुदिना घातलेला सोडा, आणि त्याबरोबर शेफकडून म्हणून एकेक गूजेर. गूजेर म्हणजे शू पेस्ट्रीच्या पिठात चीज घालून भाजलेला पोकळ गोळा, बरगंडीकडचा पदार्थ. ताईने तो लगेच तोंडात टाकला नाही, आधी हातात घेऊन वजन बघितलं, मग मधोमध फोडून आत डोकावली. आतून कोरडा, पोकळ, भिंती पातळ. "हे बघ," ती भाचीला म्हणाली, "पीठ पातेल्यात नीट सुकवलंय, म्हणून आत ओलं राहिलं नाही." भाची म्हणाली, "आई, खा ना गं आता!" पण मला ते बघण्यातच मजा वाटत होती, दुसऱ्याने केलेलं खाताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

ऑर्डर घेताना वेटरने सगळ्यात आधी गोडाचं विचारलं. सूफ्ले भाजायलाच वीसेक मिनिटं लागतात आणि त्याची तयारी आधी करावी लागते, म्हणून तो जेवणाच्या सुरुवातीलाच सांगायचा असतो. नंतर आठवलं तर कुठलंही चांगलं किचन नाही म्हणेल किंवा ताटकळत बसावं लागेल.

पाव आणि लोणी आलं. पाव गरम नव्हता पण ताजा होता, वरचा भाग कडक, आत मोठाली भोकं, आणि लोण्यात जाडसर मीठ, फ्रान्सच्या ब्रिटनी भागात असं खारं लोणी खातात. पाव इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत टेबलावर असतो, सॉस पुसून घ्यायला तोच लागतो, आणि तसं पुसून खाणं घरच्यांत बसलं असताना अजिबात वावगं नाही. एवढंच की त्याने पोट भरू द्यायचं नाही, पुढे बरंच यायचंय.

एकामागून एक कोर्स यायची ही जी पद्धत आपण फ्रेंच म्हणून ओळखतो ती मुळात तिथली नाही, रशियाकडून आलेली. आधी फ्रान्समध्ये मोठ्या मेजवानीला सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, दिसायला भव्य पण खाईपर्यंत गार. एकोणिसाव्या शतकात हळूहळू एकेक पदार्थ वाढायची रशियन पद्धत तिकडे रुळली. मला वाटतं वाढदिवसासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण दोन कोर्सच्या मधली जी दहा-पंधरा मिनिटं रिकामी असतात तीच खरी आपली असतात. समोर ताट नाही, हात रिकामे, मग माणूस बोलतं.

आईचं सूप आलं. जाड मातीच्या वाडग्यात, वर पावाचा तुकडा आणि त्यावर चीज वितळून कडेने खाली ओघळलेलं, कडेचं जरा करपलेलं. या सूपमध्ये कांदा हाच सगळं काम करतो, मंद आचेवर तो चांगला तासभर तरी परततात, त्याचं पाणी जातं, मग त्यातली साखर तपकिरी होते, आणि तो गोडवा नि किंचित कडूपणा सूपमध्ये उतरतो. घाई करून मोठ्या आचेवर केला तर नुसता जळतो. आईने पहिला चमचा घेतला, चीजची तार लांबली, ती तिने शांतपणे चमच्याला गुंडाळून घेतली आणि म्हणाली, "याला कुणीतरी वेळ दिलाय." नंतर वेटर स्वतःहून येऊन सांगून गेला की तुमचं भाजीच्या स्टॉकमधलंच आहे. न विचारता येऊन सांगितलं हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

सूप संपल्यावर जी मधली वेळ मिळाली त्यात आईने ताईच्या जन्माची गोष्ट सांगितली. आम्हाला तुकड्या-तुकड्यांत माहीत होती पण तिने त्या दिवशी अथपासून इतिपर्यंत सांगितली, पाऊस, रिक्षा न मिळणं, बाबांनी पायीच निघायचं ठरवणं. कुणी मध्ये उठलं नाही. भाचीने फोन उलटा करून ठेवला होता. आणि आईला आमचे प्रश्न ऐकू येत होते, ती उत्तर देत होती, पुन्हा पुन्हा काय म्हणालीस असं विचारावं लागत नव्हतं तिला. वेटर दोनदा जवळ आला आणि गोष्ट चाललीये बघून परत गेला. ताटं कधी उचलायची हे ते काट्या-चमच्यांवरून बघतात, सुरी आणि काटा शेजारी शेजारी ताटात ठेवला की झालं, तिरके वेगवेगळे ठेवले की अजून चालू आहे, आणि टेबलावरचे सगळे जेवून झाल्याशिवाय एकाचं ताट उचलत नाहीत. आई हळू खाते. तिला कुणीही घाई केली नाही.

मुख्य पदार्थांत भाऊजींचा मासा बघण्यासारखा होता. सोल म्युनिएर, म्हणजे चपटा सोल मासा, मैद्यात हलका घोळवून लोण्यात परतलेला. तो अख्खाच आणला आणि वेटरने बाजूच्या छोट्या टेबलावर आमच्यासमोर साफ केला. चमच्याची कड मधल्या रेषेवरून वरपासून खालपर्यंत फिरवली, दोन्ही बाजूंचं मांस अलगद बाहेरच्या बाजूला सरकवलं, आणि मग शेपटीकडून काटा धरून उचलला तर आख्खा सापळा एकदम निघून आला, एक तुकडा मागे राहिला नाही. मग खालचे दोन भाग जागेवर, वरचे त्यावर, जणू काही झालंच नाही, आणि वरून गरम ब्राऊन लोणी, लिंबू, पार्सली. लोणी तापवत राहिलं की त्यातला दुधाचा अंश तपकिरी होतो आणि हेझलनटसारखा वास येतो, तो वास शेजारच्या टेबलापर्यंत गेला असणार. भाऊजी एरवी खाताना बोलत नाहीत, त्या दिवशी म्हणाले, "हे मला घरी नाही जमणार, हात सराईत आहे त्याचा."

ताई आणि भाचीने बदकाचं कॉन्फी घेतलं होतं. नैऋत्य फ्रान्सचा पदार्थ, फ्रिज नव्हते तेव्हाची मांस टिकवायची युक्ती. बदकाच्या तंगड्यांना मीठ लावून रात्रभर ठेवायचं, मग मीठ काढून बदकाच्याच चरबीत अगदी मंद आचेवर काही तास शिजवायचं, चरबी उकळू द्यायची नाही. शिजल्यावर त्याच चरबीत बुडवून ठेवलं की हवा लागत नाही आणि ते टिकतं. वाढताना कातडी कुरकुरीत करून देतात. भाचीने सुरी लावायच्या आधीच मांस हाडापासून सुटलं. खाली बदकाच्या चरबीत परतलेले बटाटे, त्यात लसूण. दोघींनी एक शब्द न बोलता संपवलं.

आईला रातातुई आणि ग्रातँ दोफिनवा. रातातुई नीसकडची, वांगं, झुकिनी, ढबू मिरची, टोमॅटो, कांदा, आणि नीट करायची तर प्रत्येक भाजी वेगवेगळी परतून शेवटी एकत्र करतात म्हणजे वांग्याचं वांगंपण आणि मिरचीचं मिरचीपण राहतं, सगळ्याचा एक लगदा होत नाही. इथे ती तशीच केलेली होती. ग्रातँ म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या, क्रीम, लसूण, ओव्हनमध्ये सावकाश. चकत्या कापल्यावर धुवायच्या नसतात कारण बटाट्यातला स्टार्चच क्रीमला दाट करतो, हे ताईने सांगितलं. आईने अर्धं माझ्या ताटात ढकलायचा प्रयत्न केला, मग एक घास खाल्ला आणि परत ओढून घेतलं! मी लाल वाइनमधलं चिकन घेतलं होतं, ते चांगलं होतं, सॉस किंचित खारट होता एवढंच म्हणेन.

चीज गोडाच्या आधी येतं. आम्ही सगळ्यांत मिळून एकच बोर्ड सांगितला, बकरीच्या दुधाचं मऊ, एक कमाँबेर, काँते आणि शेवटी रोकफोर. सौम्यापासून सुरू करून तीव्रापर्यंत जायचं, नाहीतर रोकफोर आधी खाल्लं की बाकीच्यांची चवच लागत नाही. रोकफोर मेंढीच्या दुधाचं, रोकफोर-सुर-सुलझोन गावच्या गुहांमध्ये मुरवलेलं, फ्रान्समध्ये नावाला कायद्याचं संरक्षण मिळालेलं पहिलं चीज तेच, १९२५ मध्ये. आणि त्रिकोणी तुकडा असेल तर टोक कापून घ्यायचं नाही, बाजूने लांबट कापायचं, कारण मधला भाग सगळ्यात चविष्ट असतो आणि तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा. मला ही रीत फार आवडते. भाचीने रोकफोरचा वास घेऊन तोंड वाकडं केलं, मग ताईने तिला अक्रोड आणि थोड्या मधाबरोबर दिलं, तर दुसरा तुकडा मागितला.

मग वेटर येऊन हळूच मला म्हणाला की आता सगळे जागेवर असतील ना? म्हटलं हो. दिवे तिथे विझवत नाहीत, बाकीची माणसं जेवत असतात, पण त्यांनी आमच्या टेबलावरचा छोटा दिवा काढून घेतला. फिनान्सिए आला, एक बारीक मेणबत्ती, आणि ताटलीच्या कडेने चॉकलेटने लिहिलेलं, ज्वायोझ आनिव्हर्सेर, म्हणजे फ्रेंचमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा. ताईचा घसा दाटून आला. तिने आजवर किती केकवर किती जणांची नावं लिहिली असतील, तिच्यासाठी कुणी लिहिलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं, आणि हे ती स्वतःच म्हणाली. आम्ही गाणं हळू आवाजात म्हटलं. आई सगळ्यात मोठ्याने.

फुंकर मारली, फोटो झाले, आणि टाळ्या थांबल्या न थांबल्या तोच दोन वेटर भराभर चालत आले, प्रत्येकाच्या हातात सूफ्ले. वाटीच्या काठाच्या वर चांगला दोन बोटं चढलेला, कडा अगदी सरळ, डोक्यावर साखरेची पूड, आणि ताटली ठेवली तेव्हा नुसता थरथरला. वेटरने चमच्याने वरून मध्यभागी एक फट पाडली आणि त्यात गार क्रेम आंग्लेज, म्हणजे पातळ कस्टर्ड, ओतलं, ते आत उतरत गेलं. ताईने चमचा घालून बाजूची भिंत आणि मधला भाग एकदम घेतला, बाहेरून भाजलेलं, आत जवळजवळ फेस. चॉकलेटचा होता. काही मिनिटांत आईच्या वाटीतला खाली बसायला लागला, आतली गरम हवा आणि वाफ गार झाली की तो बसणारच, त्यात बिघडलेलं काही नसतं, पण म्हणूनच फोटोचं आधी उरकलं ते किती बरं झालं.

ताईला राहवेना. तिने विचारलं की ज्यांनी केला त्यांच्याशी बोलता येईल का. गर्दी ओसरली होती, पेस्ट्रीवाली मुलगी बाहेर आली, एप्रनला साखर लागलेली, वयाने पंचविशीतली. ताईने विचारलं, कडा इतक्या सरळ कशा चढतात? तिने हाताने करून दाखवलं, वाटीला मऊ लोणी ब्रशने लावायचं ते खालून वर, उभ्या रेघांत, त्यावर साखर, आणि वाटीचा काठ अंगठ्याने फिरवून पुसून घ्यायचा म्हणजे मिश्रण काठाला चिकटत नाही आणि सरळ वर जातं. पांढरा बलक ती तांब्याच्या भांड्यात फेटते. त्याने फरक पडतो? पडतो, तांब्याचे अंश अंड्यातल्या प्रथिनाला धरून ठेवतात आणि फेस जास्त घुसळला तरी लवकर फाटत नाही. तांबं नसेल तर थोडं लिंबू. पिवळ्याचा थेंब गेला तर फेस नीट चढत नाही, आणि फेस कडक-कोरडा होईपर्यंत फेटायचा नाही, टोक जरा वाकलं की थांबायचं. ताई ऐकत होती, मध्ये मध्ये "हो, तेच," "अच्छा, तिथे चुकतं," असं म्हणत, आणि ती मुलगीही खुलली होती, कारण समोरचं माणूस जाणून विचारतंय हे तिला कळत होतं. शेवटी तिने विचारलं, तुम्ही कुठे काम करता? ताई म्हणाली, घरी. "मग तुम्ही आमच्यातल्याच," असं म्हणून तिने हात पुढे केला. इतक्या साध्या वाक्याने ताई किती खूश झाली ते मला शब्दांत नाही सांगता येणार.

कॉफी गोडाबरोबर येत नाही, नंतर येते, हवी तर सोबत हवी असं सांगावं लागतं. आम्ही नंतरच घेतली. बिलही मागितल्याशिवाय आणत नाहीत, ते विसरलेले नसतात, तुम्हाला उठवायचं नसतं म्हणून. सर्व्हिस चार्ज बिलात धरलाय का ते बघून मग वरचं ठरवायचं, फ्रान्समध्ये तो किमतीतच धरलेला असतो पण बाकी ठिकाणी वेगवेगळी पद्धत असते. भाऊजींनी बिलाला हात घातला तर मी आधीच कार्ड देऊन ठेवलं होतं, त्यावरून थोडी ओढाताण झाली, आईने मिटवली, म्हणाली, "बहिणीने बहिणीला दिलंय, तुम्ही मध्ये पडू नका."

आलो तेव्हा उजेड होता, निघालो तेव्हा पावणेअकरा, म्हणजे तीन तासांच्या वर बसलो होतो आणि आई अजून बोलतच होती. भाचीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तिने दारातच जाहीर केलं की मला तार्त तातँ हवा, सफरचंदाचा तो उलटा टार्ट, आणि ताई लगेच म्हणाली तो मी करते, तर आम्ही सगळे एकदम नाही म्हणालो, मग ठरलं की भाचीच्या वाढदिवसालाही इथेच यायचं आणि टेबल तेच मागायचं. त्या फोनवरच्या बाईला निघताना भेटून आले. तिने वहीत लिहून घेतलं, कोपरा, डावा कान, भाजीचा स्टॉक, आणि खाली तार्त तातँ.